बॅटरीसाठी चाळीस मिनिटं

बाजारपेठेत त्यांना सगळे काटेवाले म्हणायचे. खरं आडनाव फक्त दुकानाच्या परवान्यावर होतं, आणि धुरकट काचेमागचा तो परवाना कोणी वाचत नसे. अडतीस वर्षं त्यांनी लोकांचे वजनकाटे दुरुस्त केले. आधी पारड्यांचे, मग स्प्रिंगचे, शेवटी शेवटी आकडे उजळणारे. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की काटेवाल्यांना स्टूल मागे सरकवावं लागे. एखादा दुकानदार डोळा मिचकावून म्हणाला, "जरा वीस ग्रॅम आमच्या बाजूनं असू द्या," तर ते काटा उचलून त्याच्या हातात परत देत आणि पुढच्या माणसाकडे बघत. भांडण नाही, उपदेश नाही. बोलणंच नाही.

घरीही तीच तऱ्हा. बायको मात्र अगदी उलट. ती बस स्थानकावर चार नंबरच्या खिडकीत सव्वीस वर्षं तिकिटं देत होती. तोंडाचा पट्टा अखंड चालू. तिकीट फाडता फाडता ती माणसाला कुठं निघालात, घरी कोण आजारी आहे, लेकीला कितवा महिना लागला, सगळं विचारून घेई. रांगेतला शेवटचा माणूस पाय आपटायला लागे तरी पहिल्याची चौकशी संपत नसे. दीडएकशे गावांची नावं तिला थांब्यांच्या क्रमानं पाठ होती. त्यातलं एकही तिनं पाहिलं नव्हतं. तिला रविवारी सुट्टी, आणि काटेवाल्यांना रविवारीच कामाचा ढीग, कारण बाजार बंद असला की दुकानदार आपापले काटे आणून टाकत. "पुढच्या वर्षी जाऊ कुठंतरी," असं काटेवाले दरवर्षी म्हणत. ती हसून म्हणे, "कुठंतरीचं तिकीट आमच्याकडे मिळत नाही हो. गावाचं नाव सांगा."

एकुलती लेक लग्न होऊन लांब गेली. बायको निवृत्त झाली आणि त्याच वर्षी तिच्या पावलांवर सूज दिसायला लागली. चपलांचे पट्टे रुतायचे. तपासण्या झाल्या. दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकले होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास डायलिसिस. जन्मभर.

काटेवाल्यांनी दुकान बंद केलं. कोणी विचारलं तर "वय झालं" म्हणाले. मग घरातला कारभार त्यांनी हातात घेतला, तोही काट्यावरच. दिवसाला पाऊण लिटरच्या वर पाणी नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. काटेवाले सकाळी मापाच्या नळकांड्यातून पाणी मोजून एका बाटलीत भरत आणि ती बाटली टेबलावर ठेवत. बटाट्यांतले क्षार जावेत म्हणून ते दोनदा उकळून दोन्ही वेळचं पाणी फेकून देत. मीठ जवळजवळ नाहीच. बायको एक घास घेऊन म्हणे, "वा, आज कागद छान शिजलाय." आणि खाई.

दवाखान्यात प्रत्येक वेळी आधी आणि नंतर वजन करत. अंगात किती पाणी साठलं ते त्यावरून ठरायचं. दुसऱ्याच आठवड्यात काटेवाले तिथल्या सिस्टरला म्हणाले, "हा काटा तीनशे ग्रॅम जास्त दाखवतो." सिस्टर म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर बसा." गुरुवारी ते आपली पितळी वजनं पिशवीत घालून घेऊन आले आणि एकेक काट्यावर मांडली. तीनशे ग्रॅम. त्या दिवसापासून सिस्टर त्यांना 'काका'ऐवजी 'काटेवाले काका' म्हणायला लागली. तो काटा त्यांनी तिथेच, जमिनीवर मांडी घालून नीट केला. बायको खाटेवरून सगळ्यांना सांगत होती, "मला लग्नाची मागणी घालायला आले तेव्हा माझंही वजन केलं होतं यांनी. नजरेनं."

दवाखाना घरापासून अडीच किलोमीटर. सुरुवातीला ते बसनं जायचे. एका शनिवारी परतताना बसच्या पायरीवर तिचा रक्तदाब घसरला आणि ती तशीच मागे कोसळली. मागे काटेवाले होते म्हणून वाचली. त्या महिन्यात, बासष्टाव्या वर्षी, काटेवाल्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली. रंग उडालेली, चार माणसं बसली तर गुडघे छातीला लागतील अशी. गाडी चालवायला शिकवणारा तरुण दरवाजाचं हँडल घट्ट धरून बसायचा. पण काटेवाले शिकले. गाडी ते इतकी हळू चालवत की शेजारून चालणारी माणसं खिडकीतून बायकोशी गप्पा मारू शकत.

तीन महिने बरं चाललं. मग एका मंगळवारी दवाखान्याच्या आवारात सेल्फ मारला तर नुसतं कट-कट-कट. पुन्हा मारला, तर तेही नाही. बायको शेजारी, दंडाला पट्टी, चेहरा पांढरा. तिला ओकारी येत होती आणि ती दाबून धरत होती. शेवटी पहारेकरी आणि दोन वॉर्डबॉय यांनी धक्का मारून गाडी फाटकाबाहेर काढली, तेव्हा कुठं ती खोकत सुरू झाली. बायकोला घरी झोपवून काटेवाले तसेच बॅटरीच्या दुकानात गेले.

दुकान चालवणारी बाई चाळिशीची असेल. तिच्या निळ्या ॲप्रनला तेजाबानं पडलेली बारीक भोकं होती. भिंतीला लागून बॅटऱ्यांची रांग, त्यांना लाल-काळे चिमटे लावलेले, आणि सगळीकडे नाकाला झोंबणारा आंबूस वास. तिनं झाकणं उघडून काचेच्या नळीनं प्रत्येक खणातलं पाणी ओढून पाहिलं.

"रोज किती चालवता?"

"आठवड्यातून तीनदा. अडीच किलोमीटर जायला, अडीच यायला."

"मग तुम्ही हिला उपाशी मारलंत, काका. गाडी सुरू करायला जेवढं जातं, तेवढंसुद्धा एवढ्याशा अंतरात परत भरत नाही. दर खेपेला थोडी थोडी रिकामी होत गेली. आता एक खण कायमचा गेलाय. नवीच लागेल."

काटेवाल्यांनी सगळ्यात मोठ्या बॅटरीकडे बोट दाखवलं. "ती घेतली तर जास्त टिकेल?"

"ती तुमच्या गाडीच्या खोबणीत बसणारच नाही. आणि जबरदस्तीनं बसवली तरी तुमच्या एवढ्याशा चालवण्यात तिचं पोट कधी भरणार नाही. कंपनीनं जेवढ्या ताकदीची दिलीये तेवढ्याच ताकदीची घ्या. ही बघा. जाड टोक उजवीकडे हवं, नाहीतर तार पोचत नाही आणि लोक मग ताणून लावतात. आणि ही तारीख वाचा. दुकानात वर्षभर पडून राहिलेली बॅटरी नवी नसते, फक्त विकलेली नसते."

काटेवाल्यांनी खिशातलं भिंग काढून तारखेचे बारीक आकडे वाचले. फार दिवसांनी कोणीतरी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होतं.

"यात दोन प्रकार," ती म्हणाली. "ही पूर्ण बंद. हिच्यात तुम्हाला काही बघायचं नाही. आणि ही पाण्याची. हिची झाकणं दोन महिन्यांनी उघडायची, पातळी बघायची, कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर. नळाचं अजिबात नाही. टोकांवर पांढरी भुकटी धरली तर सोडा घातलेल्या गरम पाण्यानं धुवायची, कोरडी करायची, वर व्हॅसलीन. तार काढताना आधी निगेटिव्ह, लावताना ती शेवटी." मग त्यांच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही पाण्याचीच घ्या. तुम्ही बघणारे दिसता."

बॅटरी बसवून झाल्यावर तिनं बॉनेट लावलं आणि बजावलं, "पण काका, एक गोष्ट. आठवड्यातून एकदा तरी चाळीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर सलग चालवायची. नाहीतर हिचीही तीच गत होणार."

रविवारी सकाळी काटेवाले चपला घालून दारात उभे राहिले. "बॅटरीसाठी जाऊन येतो. चाळीस मिनिटं."

"मी आले तर चालेल का? की बॅटरीला एकान्त हवाय?" बायको म्हणाली. रविवारी तिला बरं असायचं. शनिवारी अंगातलं पाणी काढलेलं असायचं, श्वास मोकळा असायचा.

गावाबाहेरच्या रस्त्याला लागल्यावर तिनं विचारलं, "कुठं निघालोय?"

"कुठंच नाही. वीस मिनिटं जायचं आणि वळायचं."

"मग उजवीकडे घ्या. माझ्या खिडकीचा पहिला थांबा तिकडे आहे."

पहिला थांबा म्हणजे पाण्याची एक उंच टाकी, सायकल दुरुस्तीचं दुकान आणि एक लांबलचक बाक. ती काच खाली करून बघत राहिली. "एवढंच?" म्हणाली. "रोज साडेसातला इथली एक शिक्षिका यायची तिकिटाला. असं वर्णन करायची, मला वाटलेलं नदीबिदी असेल." मग इतकी हसली की तिला ठसका लागला. काटेवाल्यांनी गाडी बाजूला घेतली, बाटलीचं झाकण उघडून दोन घोट पाणी दिलं, आणि ते दोन घोट मनात वजा केले.

त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. दुसरा थांबा, तिसरा थांबा. चाळीस मिनिटांचा तास झाला, तासाचे दोन तास झाले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर काटेवाले तिचं वजन लिहीत आणि त्याच चौकोनात खाली मीटरवर मोजलेला बॅटरीचा व्होल्टचा आकडा. साडेबारा, बारा पूर्णांक सहा. "आज आम्ही दोघी चांगल्या आहोत," असं ती लेकीला फोनवर सांगे.

आणि एक नवलाची गोष्ट घडली. काटेवाले बोलायला लागले. कदाचित गाडी चालवताना समोर बघावं लागतं, बायकोच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही, म्हणून असेल. पस्तीस वर्षं जे ओठांवर आलं नव्हतं ते स्टिअरिंगवर हात ठेवून येत गेलं. वडिलांनी त्यांना शाळेतून काढलं तो दिवस. लेक सासरी गेल्यावर तिची जुनी वही त्यांनी दुकानात नेऊन ठेवली होती, ती गोष्ट. बायको ऐकायची. तिलाही ऐकता येतं हे त्यांना नव्यानं कळत होतं.

अशाच एका रविवारी ती तिच्या जुन्या मैत्रिणीबद्दल बोलत होती. पाच नंबरच्या खिडकीवाली. तिला मुख्य आगारात वर्षभराच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं आणि ती निरीक्षक होऊन आली, पुढे तर साहेबच झाली. "दोघींनी मिळूनच अर्ज केला होता," बायको म्हणाली. "तिला घेतलं, मला नाही. मी खिडकीत फार बडबडते म्हणून असेल. खरं सांगू, तेव्हापासून मला वाटायचं की आपल्यात काहीतरी कमी आहे. तिकिटं फाडण्यापुरतीच आपली अक्कल."

काटेवाल्यांनी गाडी आणखी हळू केली. समोरचा रस्ता सरळ होता.

"तुलाही घेतलं होतं," ते म्हणाले.

तिनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"आपलं सगळं टपाल तेव्हा दुकानाच्या पत्त्यावर यायचं, ते पत्रही तिथंच आलं. लेक नऊ वर्षांची होती. मला वाटलं, वर्षभर घर कसं चालायचं. मी तुझ्या नावानं उत्तर पाठवलं. घरच्या अडचणीमुळे शक्य नाही म्हणून. सही मीच केली."

परतीच्या सबंध वाटेत ती एक अक्षर बोलली नाही. ती रडली असती, ओरडली असती, तर काटेवाल्यांना सोपं गेलं असतं. ती फक्त खिडकीबाहेर बघत राहिली, आणि थांब्यांच्या पाट्या एकेक करून मागे जात राहिल्या.

पुढच्या रविवारी ते चपला घालून उभे राहिले. "मी येत नाही," ती आतून म्हणाली. "तुम्ही जा. तुमची बॅटरी उतरेल." ते एकटे गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही एकटे. दवाखान्यात मात्र ती त्यांच्याबरोबर येई, सिस्टरशी बोले, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची थट्टा करी. फक्त यांच्याशी नाही. रोज संध्याकाळी ते तिच्या दंडावरच्या फुगलेल्या शिरेवर दोन बोटं ठेवून आतली थरथर बघत. डायलिसिससाठी तयार केलेली ती शीर चालू आहे ना, हे रोज तपासायचं असतं. आता ती हात पुढे करी आणि मान भिंतीकडे वळवी.

तिसऱ्या रविवारी ते गाडीत बसले तेव्हा मागचं दार उघडल्याचा आवाज झाला. ती मागच्या सीटवर येऊन बसली. दार लावलं. काटेवाल्यांनी गाडी सुरू केली. आरशात तिच्या केसांचा एवढासा तुकडा दिसायचा. पाच रविवार ती अशी मागे बसून आली, भाड्याच्या गाडीत बसल्यासारखी.

सहाव्या रविवारी परतताना रेल्वेचं फाटक लागलं होतं. गाडी थांबवून त्यांनी सहज मागे पाहिलं, तर ती एका बाजूला कलंडलेली, ओठ निळसर, डोळे अर्धवट मिटलेले. कधीपासून, कोण जाणे. काटेवाल्यांनी उतरून मागचं दार उघडलं. त्यांनी तिचे पाय उचलून सीटवर ठेवले, मान सरळ केली, गालांवर थापट्या मारल्या. मागून भोंगे वाजत होते. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले.

"पुढे बस," ते म्हणाले. "माझ्याशी बोलू नकोस, पण पुढे बस. मागे तू दिसत नाहीस मला."

ती पुढे येऊन बसली. घरासमोर गाडी थांबल्यावर म्हणाली, "मला ते आगार बघायचंय."

मुख्य आगार तीन तासांच्या वाटेवर होतं. डॉक्टर म्हणाले, एवढा प्रवास नको. ती म्हणाली, "डॉक्टर, सव्वीस वर्षं मी लोकांना तिथं पाठवलंय." शेवटी एका रविवारी पहाटे नाही, अगदी उजाडल्यावर, ते निघाले. काटेवाल्यांनी आदल्या दिवशी बॅटरीचं पाणी पाहिलं, टोकं घासली, चाकांत हवा भरली. वाटेत चारदा थांबले. ती लिंबाची फोड चघळत होती. तहान लागली की तेवढंच.

आगारातलं प्रशिक्षण केंद्र रविवारचं बंद होतं, पण पहारेकरी भला माणूस निघाला. "इथं शिकायला यायचं होतं मला," असं तिनं सांगितल्यावर त्यानं 'आता या वयात?' असं विचारलं नाही. त्यानं दोघांना मागच्या बाजूला नेलं. प्रशिक्षणाला येणाऱ्या बायकांची राहण्याची जागा तिथं होती. एक लांब खोली, तीन लोखंडी खाटा, प्रत्येक खाटेशेजारी एक टेबल आणि वर वाकलेला दिवा. खिडकीतून सुटणाऱ्या बस दिसत. ती बाहेरून काचेला कपाळ लावून खूप वेळ बघत राहिली. तिच्या श्वासानं काच धुरकटली की बोटानं पुसायची आणि पुन्हा बघायची. काटेवाले दोन पावलं मागे उभे होते. जवळ जायची त्यांची छाती झाली नाही.

"एक वर्षच होतं हो," ती म्हणाली.

कपाळ तसंच काचेला टेकवून, त्यांच्याकडे न वळता. त्यात राग नव्हता. राग असता तर त्याला उत्तर देता आलं असतं. काटेवाले "हो" म्हणाले.

परतताना ती त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. हा माफीचा खांदा होता की नुसता थकव्याचा, हे काटेवाल्यांनी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतर विचारायला वेळ उरला नाही.

त्या हिवाळ्यात तिचं हृदय कमकुवत झालं. रविवारच्या फेऱ्या आखूड होत गेल्या. दोन थांबे, एक थांबा, मग नुसतीच पाण्याच्या टाकीपर्यंत. ती बोलायला लागली होती, पूर्वीसारखी नाही, पण बोलायची. एकदा म्हणाली, "माझ्यानंतर गाडी उभी ठेवू नका. खराब होईल." काटेवाले म्हणाले, "असं काही बोलू नकोस." ती म्हणाली, "मी गाडीबद्दल बोलतेय हो. तुम्ही उगाच मनाला लावून घेता."

तो गुरुवार होता, सकाळचे दहा वाजून गेले होते. ती वर मशीनवर होती. चार तास नुसतं बसण्यापेक्षा म्हणून काटेवाले खाली आवारात बॉनेट उघडून उभे होते. टोकांवर पांढरी भुकटी धरली होती. उपाहारगृहातून त्यांनी पेलाभर गरम पाणी मागून आणलं होतं, त्यात सोडा घातला होता. निगेटिव्हची तार सोडवून बाजूला वळवली होती आणि जुन्या दात घासायच्या ब्रशनं ते घासत होते. फेस येत होता.

"काटेवाले काका," सिस्टर दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून म्हणाली. ओरडली नाही. एरवी ती ओरडून हाक मारायची. "काका, वर या."

काटेवाल्यांनी ब्रश खाली ठेवला. फडक्यानं हात पुसले, एकेक बोट. घाई केली तर ते खरं होईल, असं त्यांना वाटत होतं. मग ते जिना चढले.

मशीन थांबवलेलं होतं. पडदा ओढला होता. शेजारच्या खाटेवरचे आजोबा तोंड फिरवून पडले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बोलता बोलता थांबलं, आम्ही खूप प्रयत्न केले. "बोलता बोलता?" काटेवाल्यांनी विचारलं. सिस्टर म्हणाली, "हो. माझ्याशीच बोलत होत्या. मुलाला बालवाडीत कधी घालणार, विचारत होत्या." काटेवाल्यांनी दोन बोटं तिच्या दंडावरच्या शिरेवर ठेवली. ठेवून बराच वेळ उभे राहिले. कोणी त्यांना हलवलं नाही.

लेक आली, जावई आले, नातेवाईक जमले, पांगले. गाडी दवाखान्याच्या आवारातच राहिली, एकोणीस दिवस. बॉनेट कोणीतरी लावून टाकलं होतं. विसाव्या दिवशी पहारेकऱ्याचा निरोप आला की जागा मोकळी करून हवी. काटेवाल्यांचा एकट्यानं जायला पाय निघेना. ते बॅटरीवाल्या बाईकडे गेले. तिनं काही न विचारता दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर निघाली.

तिनं बॉनेट उघडलं. सुकून कडक झालेला ब्रश तिथंच इंजिनवर पडला होता. तिनं मीटर लावला. "तुम्ही तार सोडून ठेवली होती ना, म्हणून वाचली," ती म्हणाली. "जोडलेली असती तर एव्हाना पार उतरली असती." तिनं तार लावली, पाना फिरवला, आणि म्हणाली, "मारा सेल्फ."

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. काटेवाल्यांना ते फार लागलं. बंद पडली असती तर बरं वाटलं असतं. ते स्टिअरिंगवर डोकं टेकवून हुंदके द्यायला लागले, आणि इंजिन चालूच होतं. बाई गाडीला टेकून दुसरीकडे बघत उभी राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "बंद नका करू काका. चार्ज होऊ दे थोडी."

लेक म्हणाली, "बाबा, गाडी विका आणि माझ्याकडे चला." काटेवाले म्हणाले, "बघू." दर रविवारी ते एकटे निघत. वीस मिनिटं जायचं आणि वळायचं. कॅलेंडरवर आता एकच आकडा लिहिला जाई. एकदा त्यांनी गाडीत मोठ्यानं बोलून पाहिलं. "आज वारा आहे," असं म्हणाले. स्वतःचाच आवाज ऐकून दचकले आणि पुन्हा तो प्रयोग केला नाही.

अशी तीन वर्षं गेली. बॅटरीही म्हातारी झाली. दुकानातल्या बाईनं नळीनं पाणी ओढून पाहिलं आणि मान हलवली. "हिनं चांगली साथ दिली. आता दुसरी घ्यायची वेळ आली. अजून किती चालवता?"

"आठवड्यातून एकदा. चाळीस मिनिटं."

"कुठं जाता?"

"कुठंच नाही. बॅटरीसाठी."

हातातली नळी तिनं हळूच खाली ठेवली. "काका," ती म्हणाली, "मी तुम्हाला बॅटरी विकणार नाही. ज्यांना कुठंतरी जायचंय, त्यांना गाडी द्या."

गाडी त्यांनी एका तरुण जोडप्याला दिली. दोघंही शाळेत शिकवणारी, कडेवर वर्षाची मुलगी. बॉनेट उघडून काटेवाल्यांनी त्यांना तासभर सगळं समजावलं. नवी घेताना काय बघायचं, कुठलं पाणी, आधी कुठली तार, व्हॅसलीन किती. मुलगी रडायला लागली तरी त्यांचं संपेना. ती तरुण बाई हसून म्हणाली, "आजोबा, आम्ही लिहून घेऊ का?" तेव्हा ते थांबले. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. ते वर आले आणि चप्पल न काढता खुर्चीत बसले.

आता ते लेकीकडे असतात. तिच्या घरात त्यांना एक खोली आहे, पूर्वेला खिडकी आहे, नातवंडं दंगा करतात. ते भाजी निवडून देतात, दारं-खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल घालतात, फारसे बोलत नाहीत. लेकीला त्याचं काही वाटत नाही. तिनं त्यांना असंच पाहिलंय.

एका दुपारी शेंगा सोलता सोलता तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही दोघं रविवारी तासन्‌तास गाडीत काय करायचात हो? आई फोनवर सांगायची, आज इथं गेलो, आज तिथं गेलो. मला वाटायचं, ती एकटीच बोलत असणार."

"नाही," काटेवाले म्हणाले. "मी पण बोलायचो."

लेकीचे हात थांबले. तिनं बापाकडे नीट पाहिलं. "तुम्ही? काय बोलायचात?"

काटेवाल्यांनी तोंड उघडलं. खूप काही होतं, आणि ती समोर, डोळ्यांत डोळे घालून बसली होती. त्यांनी पुढ्यातली शेंग उचलली, सोलली आणि दाणे वाटीत टाकले.